वळणाचा दगड

भिंगरीच्या घरात माणसं उलटी चालायची. आजोबा जन्मभर उलटे चालले, बाबा उलटे चालत होते, आई लग्न होऊन आली आणि आठवडाभरात तीही उलटी चालायला शिकली. दोर वळणाऱ्याच्या घरात दुसरं काय होणार! घरामागं टणक मातीची लांबलचक पट्टी होती. पट्टीच्या एका टोकाला चाक. एकानं चाकावर बसून ते फिरवायचं आणि दुसऱ्यानं कंबरेला तागाचा झुपका गुंडाळून, त्यातला थोडा थोडा ताग बोटांतून सोडत मागं मागं सरकायचं. जितकं मागं जाल तितका दोर लांब. दिवस मावळेपर्यंत माणूस दोन गावं चालून व्हायचा आणि बघावं तर आपल्याच दारात उभा.

सरळ तोंडानं पुढं धावणारी या घरात भिंगरीच पहिली.

हे नाव आत्यानं ठेवलेलं. पोर चालायला लागली ती थांबेचना, तेव्हा आत्या म्हणाली, "हिच्या पायाला भिंगरीच लागलीय." झालं, तेच चिकटलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. चाकावर बसायचा मान तिचा, आणि चाकापेक्षा तोंड जास्त फिरायचं.

"पोरी पळून जातात असं ऐकलं होतं," येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "पण आमची रोज पळून जाते आणि रोज जेवायला घरी!"

शाळेतल्या खेळाच्या बाईंनी भिंगरीला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. बाबा पट्टीवर होते. बाई म्हणाल्या, "हिच्यात लांब पळायचा दम आहे. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. आत्ता नाही, पण नेटानं तयारी केली तर काही वर्षांनी जमेल."

बाबांनी विचारलं, "काही वर्षांनी म्हणजे घाई नाही?"

"घाई केली तर पाय जातील."

"मग जमेल," बाबा म्हणाले. "घाई न करण्यात आमच्या सात पिढ्या गेल्यात."

भर पावसाळ्याचे दिवस होते ते. दुसऱ्याच दिवशी बाबांनी पट्टीवरचा मापाचा लांब दोर खांद्यावर टाकला, आईला बरोबर घेतलं आणि कालव्याकाठच्या रस्त्यानं निघाले. एक टोक आईनं धरायचं, दुसरं बाबांनी. एक दोर झाला की पुढचा. बाईंनी हिशोब करून दिला होता: एवढे दोर भरले की अर्धी फेरी, जाऊन येऊन एक, अशा चार फेऱ्या म्हणजे पुरी मॅरेथॉन. दोघं चिंब भिजून परत आले तेव्हा बाबा नवरदेवासारखे हसत होते. जिथं शेवटचा दोर संपला तिथं त्यांनी एक मोठा दगड ठेवला होता आणि ऊन पडल्यावर जाऊन त्याला चुना फासला. तो वळणाचा दगड. दारातून निघायचं, दगडाला हात लावायचा, वळायचं, दारात यायचं.

पण पळू देतील तर शपथ! पहिलं वर्षभर बाबांनी तिला एक फेरीसुद्धा पुरी पळू दिली नाही. "अर्धी फेरी. आणि त्यातली निम्मी चालत." भिंगरी रडायची, पाय आपटायची, बाकीच्या शाळांतल्या मुली बक्षिसं आणायच्या. बाबा कंबरेच्या झुपक्यातला ताग काढून दाखवायचे. "हे बघ. जुना पुंजका संपायच्या आधी नवा सोडायचा. एकदम जाडा सोडला की गाठ होते, दोर तिथंच तुटतो. सांधा कुठं आहे ते दोरालासुद्धा कळता कामा नये. पायांचंही तसंच. महिन्याला थोडं, इतकं थोडं की पायांना पत्ता लागू नये."

असं करत करत वर्षं गेली. शाळा संपली, कॉलेज सुरू झालं. अर्ध्याची एक झाली, एकाच्या दोन, दोनांच्या तीन. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं, नवं आलं, तेही गळलं. कुणाचे तरी वापरलेले बूट एक माप मोठे होते, त्यात तागाचा चोथा भरून ती पळायची. आई दारात स्टुलावर गजराचं घड्याळ मांडीत घेऊन बसायची. चार फेऱ्यांचा दिवस असला की गजर बरोबर तीन तासांवर लावायचा. कारण बाईंनी सांगूनच ठेवलं होतं: शहरातल्या शर्यतीत तीन तासांच्या आत आलीस तर थेट संघात. राहणं, खाणं, पुढचं शिक्षण, सगळं त्यांच्याकडं. पण वयाची अट आहे, या थंडीतली शर्यत ही शेवटची.

आणि त्याच वर्षी पावसानं दडी मारली.

कालवा आटला, तळाच्या चिखलाला तडे गेले. ज्या खड्ड्यात तागाच्या पेंढ्या भिजवून कुजवायच्या त्यात गुडघाभर हिरवं पाणी उरलं, आणि त्याचा वास कपड्यांत, केसांत, भाकरीच्या घासात. ताग नीट कुजेना. कच्चा, कडक ताग, हातात घेतला की काटक्यांसारखा मोडायचा आणि त्याचा भुसा उडायचा. बाबांना पूर्वीपासून खोकला होता, भुशानं तो छातीत घर करून बसला. दोन पावलं मागं गेले की थांबायचे, गुडघ्यांवर हात ठेवायचे. मग भिंगरीनं कंबरेला झुपका बांधला. पहाटे पुढं पळायचं, दिवसभर मागं चालायचं.

"बरं आहे," आत्या म्हणाली, "सकाळी जेवढी जातेस तेवढी संध्याकाळपर्यंत परत येतेस. फिट्टंफाट!"

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी ते झालं. चार फेऱ्या. भिंगरी कालव्याच्या मोरीवरून, त्या छोट्या पुलावरून वळली, घर दिसलं, दार दिसलं, आईच्या मांडीतलं घड्याळ दिसलं. छातीत भाता चालला होता, पायांचे नुसते दांडे झाले होते, पण गजर वाजला नव्हता. ती उंबऱ्यावर येऊन आदळली, आईनं कळ दाबून गजर बंद केला, तोपर्यंतही तो वाजला नव्हता! आत्या चाक सोडून धावत आली. बाबा आले, भिंतीला धरून उभे राहिले. तिच्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला तागाचा वास होता. भिंगरीला वाटलं, आता काय, शहर म्हणजे घरामागची पट्टी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गवळी भांडायला आला. खांद्यावर विहिरीचा दोर, अजून पाणी निथळत होतं.

"काय हो दोरवाले! इतकी वर्षं तुमच्याकडून घेतोय आणि आम्हालाच टोपी? विहीर खोल गेली म्हणून लांब दोर घेतला, आणि मोजला तर कमी!"

आत्या कंबर कसून उठलीच होती, पण बाबांनी हात केला. "कधी मोजलास?"

"आत्ता! विहिरीतून काढला आणि मोजला."

"मग आखडणारच की रे बाबा. ताग पाणी प्याला की फुगतो, फुगला की आखडतो. वाळव, मग मोज. वितभर जरी कमी भरला तर नवा घेऊन जा. अरे, आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, ओला दोर कधी मोज—"

बाबा तिथंच थांबले. तोंड उघडंच राहिलं. कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे ते वळले आणि कालव्याच्या रस्त्याकडं बघत राहिले.

"काय झालं?" गवळ्यानं विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "भुसा गेला घशात."

त्या दिवसापासून बाबांनी एक नवंच खूळ काढलं. ताग आणायला पलीकडच्या गावी सायकलवरून भिंगरी जायची, ते काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. आई म्हणाली, "अहो, दारापर्यंत चालवत नाही आणि सायकल?" बाबा म्हणाले, "बसून बसून छाती आखडलीय, मोकळी हवा बरी." रस्ता दगडावरूनच जायचा. सायकलला चुन्याचा डबा टांगलेला बघून आत्यानं विचारलं, "आता कुणाला चुना लावायला निघालास?"

"दगड मळलाय. अंधुकात पोरीला दिसायला नको?"

"मग डोंगरालाही लाव. तोही मळलाय."

बाबा हसले. हसता हसता खोकले, आणि खोकत खोकतच दिसेनासे झाले.

आणि इथून पुढं भिंगरीचे पाय तिला दगा द्यायला लागले.

आधी वाटलं, आज झोप नीट झाली नाही. मग वाटलं, वारा समोरून होता. एका फेरीला किती वेळ लागतो हे तिला घड्याळाशिवायही कळायचं, निघताना शेजारचा कोंबडा आरवत असेल तर परतताना गवळ्याची बादली वाजलीच पाहिजे. आता बादली वाजून जायची आणि ती अजून मोरीवरच. पायांत दम तोच, श्वास तोच, पण दगड येता येईना. अंधुक उजेडात तो पांढरा ठिपका दिसायचा आणि दूरच राहायचा. दगडाला हात लावताना एकदा तिनं त्याला चापट मारली. "तुला काय झालंय रे?" जसं काही दगडालाच काही झालं होतं!

तिनं जेवण वाढवलं, मग कमी केलं. चोथा काढून बुटात चिंध्या भरल्या. बाबांना न सांगता दुपारची अर्धी फेरी जास्त पळून आली. एका पायाची पोटरी दगडासारखी झाली, आईनं रात्रंदिवस कोमट पाण्यानं शेकली. वेळ कमी होण्याऐवजी वाढतच गेला.

"वेळ बघू नकोस," बाबा म्हणाले. "पाय बघ. पाय पूर्वीपेक्षा चांगले आहेत."

"पाय बघून संघात घेतात का, बाबा?"

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं हातातलं काम थांबवलं. मग बाबांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "तू नुसती पळत राहा. शर्यतीपर्यंत सगळं जुळून येईल."

मधल्या काळात दोर घेऊन ती दुकानात गेली. दुकानदारानं भेंडोळं उलगडलं, दोन हातांनी एक हिसका दिला आणि दोर मधोमध कटकन तुटला. दुकानात माणसं होती. "हा दोर आहे की शेवई?" दुकानदार म्हणाला. माणसं हसली. "बापाला सांग, पोरगी पळवायची सोडून दोराकडं लक्ष दे म्हणावं." भिंगरीनं तुटकी टोकं उचलली, भेंडोळं डोक्यावर घेतलं आणि भर बाजारातून चालत निघाली. मान ताठ ठेवावीच लागली, डोक्यावर ओझं होतं ना.

शर्यतीच्या आधीच्या शेवटच्या चार फेऱ्या ती त्याच आठवड्यात पळाली. जीव तोडून पळाली. तिसरी फेरी संपवून दारात वळताना आईनं पाण्याचा पेला पुढं केला तो तिनं हातानंच बाजूला सारला. चौथ्या फेरीत दगड गाठला, वळली, मोरी दिसली, आणि मोरीवर असतानाच दूरवर तिला आई दिसली. आईनं घड्याळ पोटाशी घट्ट आवळलं होतं आणि त्याच्यावर वाकून बसली होती. गजर तिला ऐकू जाऊ नये म्हणून. पण कडेच्या झाडांवरचे पक्षी उडाले, आणि भिंगरीला कळलं.

ती दारापर्यंत पळत आली नाही. मोरीपासून चालत आली.

बाबा खाटेवर बसले होते. "छान पळालीस," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच चमकत होते, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"काय छान? थंडीच्या सुरुवातीला आत आले होते, आता बाहेर! काय छान?" तिचा आवाज फाटला. "हळूहळू, हळूहळू! बाकीच्या मुली पळत होत्या तेव्हा तुम्ही मला चालायला लावलंत. तुमच्या हळूहळूत माझे पाय सडले, बाबा, त्या खड्ड्यातल्या तागासारखे. तुम्हाला मी कुठं जायलाच नको होतं. पट्टीवर माणूस हवं होतं तुम्हाला!"

  बाबांना खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेपर्यंत सगळे थांबले. थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "शर्यतीला जा, पोरी. तिथं कळेल."

"मी नाही जात."

खेळाच्या बाई दोनदा आल्या. दुसऱ्या वेळी त्या पट्टीवरच आल्या आणि भिंगरी मागं सरकत होती तिच्याबरोबर चालत राहिल्या.

"एक वाईट दिवस गेला म्हणून कुणी—"

"एक नाही बाई. रोज थोडी थोडी मागं पडतेय. हे बघा ना," ती हसली, वाईट हसली, "मागं जायची सवयच आहे आमच्यात."

बाई थांबल्या. भिंगरी मागं मागं जात राहिली, आणि दोघींमधला दोर लांबत गेला.

शर्यतीच्या दिवशी सगळ्यांनी काम केलं. बाबांनी आत्याला चाकावरून उठवलं आणि स्वतः बसले, म्हणाले, आज मी फिरवतो. आकाश स्वच्छ, थंडी कोवळी, पळायला असा दिवस शोधून सापडायचा नाही. भिंगरीनं झुपका बांधला, पहिला पुंजका चाकाच्या आकड्याला लावला, मागं सरकायला लागली.

"आत्ता सुटली असेल," बाबा चाकावरून म्हणाले.

ती मागं सरकत राहिली.

बऱ्याच वेळानं, ती पट्टीच्या मध्यावर असताना, "आत्ता निम्मी झाली असेल." मग, "आत्ता खरी परीक्षा. पाय जड होतात इथं. इथं घाई करायची नसते." कुणाला सांगत होते कोण जाणे. ताग मोडत होता, ती सांधत होती, पेड पूर्ण करून पुन्हा चाकापाशी येऊन नवा सुरू करत होती. मग एका क्षणी चाक थांबलं. पीळ सुटू नये म्हणून तिनं दोर घट्ट धरला आणि वर पाहिलं. बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. आत घरात आईनं घड्याळ लावलं नव्हतं, पण तीन तास झाल्याचं बाबांना बरोबर कळलं होतं.

"आलीस तू," ते म्हणाले. "नक्की आली असतीस."

भिंगरीला वाटलं, म्हातारा आपल्याला चिडवतोय. तिनं दोर सोडला. पीळ भरकन उलगडला, सापासारखा पट्टीवर वळवळला. ती घरात निघून गेली.

उन्हाळा लागता लागता बाबा गेले. फार त्रास झाला नाही असं सगळे म्हणाले. श्वास घेताना त्यांच्या गळ्याखाली खड्डा पडायचा, तो एका दुपारी पडला आणि भरलाच नाही. शेवटच्या दिवसांत भिंगरी उशाशी असायची. माफी मागायची होती, पण रोज वाटायचं, आज नको, आज बरे दिसतायत. आज नको, आज थकलेत. बाबा तिच्या पायांकडं बघत पडून राहायचे. एकदाच म्हणाले, "थोडंच राहिलंय." तिला वाटलं, आयुष्याबद्दल बोलतायत.

मग ताग संपला. दुःख असो की काही असो, दोर थांबत नाही. आत्या म्हणाली, "बसून काय करणार? जा, घेऊन ये." भिंगरीनं बाबांची सायकल काढली. चुन्याचा रिकामा डबा अजून तिला टांगलेला होता.

त्या रस्त्यानं ती कित्येक आठवड्यांत गेली नव्हती, आणि सावकाश, खाली बघत तर केव्हापासून नाही. गरम वाऱ्यानं रस्त्यावरची सगळी धूळ उडवून नेली होती, खालची कडक माती उघडी पडली होती. दगडाच्या बऱ्याच आधी तिला जमिनीवर एक पांढरा डाग दिसला. वाटीएवढा, चुन्याचा ओघळ सुकल्यासारखा, आणि त्याच्यासमोर मातीत एक उथळ खळगा. सायकल पुढं गेली. पुढं तसाच एक डाग. तसाच खळगा.

ती उतरली.

पुढं आणखी एक होता. आणखी एक. दगडाच्या दिशेनं, एका रेषेत. सुरुवातीचे डाग लांब लांब होते, एका डागावरून हाक मारली तर दुसऱ्यावर जेमतेम पोचावी असे. मग अंतर कमी झालं. मग आणखी कमी. शेवटी शेवटी दहा पावलं, पाच पावलं. दगडाजवळचे शेवटचे डाग तर एकाला एक लागलेले, दगड नुसता उचलून लगेच खाली ठेवल्यासारखे. तिनं दगडाला हात लावला. तोच दगड. पण मागं वळून पहिल्या डागाकडं बघितलं तर तिथं एक वाकडं झाड होतं, इतकी वर्षं ज्याच्या बाजूला वळणाचा दगड असायचा. ते झाड आता केवढं मागं राहिलं होतं!

ताग न घेताच ती घरी आली. आई धान्य निवडत होती. भिंगरी समोर जाऊन उभी राहिली, विचारायची गरजच पडली नाही. तिच्या तळव्यांना लागलेला चुना आईनं पाहिला.

"त्या दिवशी पाऊस होता," आई म्हणाली. मान वर केली नाही. "मोजायला गेलो त्या दिवशी. दोर भिजून आखडला होता. दोघंही आनंदात, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. जन्म गेला दोर वळण्यात, आणि ओला दोर मोजला! रस्ता कमी भरला ग. इतकी वर्षं तू कमी अंतर पळत होतीस. गवळी आला तेव्हा त्यांना आठवलं."

"मग मला सांगायचं ना!"

"मी म्हटलं, सांगा. म्हणाले, नुकतीच गजराच्या आत आलीय, तो आनंद कसा मोडू? म्हणाले, एकदम सांगितलं तर सांधा दिसेल, आणि सांधा दिसला की माणूस तिथंच तुटतं. रोज थोडा सरकवतो. शर्यतीपर्यंत दगड जागेवर जाईल आणि तिच्या पायांना पत्ताही लागणार नाही." आईच्या हातातलं सूप थांबलं. "पायांना नाहीच लागला. घड्याळाला लागला. त्याचा त्यांनी विचारच केला नाही बघ. दोर वळताना कोण घड्याळ बघतं!"

भिंगरी आईसमोर खाली बसली. शेवटच्या चार फेऱ्या तिच्या डोळ्यांपुढं आल्या. मोरी, उडालेले पक्षी, घड्याळावर वाकलेली आई. तेव्हा ती मागं पडली नव्हती. कितीतरी जास्त अंतर पळून आली होती, आणि तरीही गजर वाजेस्तोवर मोरी गाठली होती. मोरी ते दार, एवढंच उरलं होतं. शहरात, शर्यतीत, इतर मुलींच्या मागोमाग, एवढं... 'छान पळालीस,' बाबा म्हणाले होते. ती नेमकी किती पळाली हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

तिनं रडावं म्हणून आईनं सूप बाजूला ठेवलं आणि मांडी मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंगरीनं खुंटीवरचा मापाचा दोर काढला. कोरडा ठणठणीत होता, उन्हाळ्यानं हाडापर्यंत वाळवलेला. एक टोक आईनं धरलं. आत्या म्हणाली, "मी काय घर राखत बसू? मोजायला तिसरं माणूस लागतंच," आणि चाकाला फडकं बांधून, जन्मात पहिल्यांदा, कालव्याच्या रस्त्यानं निघाली. प्रत्येक दोराला एक खडा झोळीत टाकायचा एवढंच तिचं काम, पण मध्येच ती भावाशी भांडायला लागायची. "एवढ्या लांब यायचा मेला, तोंडातनं रक्त पडेपर्यंत, आणि मला म्हणतो दगड मळलाय!" मग खडा टाकला की नाही ते विसरायची, आणि झोळी ओतून तिघींना पुन्हा मोजावं लागायचं.

दगड आला. दोर संपले नव्हते. आणखी एक पुरा दोर बसला आणि वर थोडं. तिथं आईनं टाच रोवली.

भिंगरीनं दगडाला मिठी घातली, उचलला. छातीशी धरून चालायला लागली. बापरे, काय वजन होतं! तिच्या पायांत चार फेऱ्यांचा दम, तरी थोड्या पावलांत हात सुटायला लागले, तिला तो खाली ठेवावा लागला. तो नवा खळगा तिनं बघितला आणि मागचे, एकाला एक लागलेले, तेही. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. शेवटचा टप्पा ती दगड पोटाशी घेऊन उलटी चालली, कारण तसं चालताना भार कंबरेवर येतो हे तिच्या कंबरेला ठाऊक होतं. आईच्या टाचेपाशी दगड ठेवला तेव्हा तिच्या दोन्ही हातांना आणि गळ्याला चुना लागला होता.

तिघी तिथंच बसल्या. ऊन वर आलं.

"बाई येऊन गेल्या काल," आत्या म्हणाली. "म्हणत होत्या, संघाचं वय गेलं. पण शर्यत दर थंडीला असते, ती कुणालाही पळता येते."

भिंगरीनं हातांवरचा चुना चोळला. आई दोर कोपर आणि पंजाभोवती गुंडाळत होती, बाबा गुंडाळायचे तसा. एक एक वेटोळं, घाई न करता.

"उद्या गजर कितीचा लावू?" आईनं विचारलं.

भिंगरीनं रस्त्याकडं पाहिलं. घर इथून दिसतसुद्धा नव्हतं.

"गजर नको," ती म्हणाली. "उद्या अर्धी फेरी. आणि त्यातली निम्मी चालत."